वाचकांचे प्रश्न : भाज्यांचे कुरकुरीत काप घरी करताना

भाज्यांचे तळलेले आणि भाजलेले काप घरी करून पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे साठली आहेत. ज्या अडचणी अनेकांनी मांडल्या आहेत, त्या एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : बटाट्याचे काप कढईतून काढताना कुरकुरीत वाटतात, परंतु ताटात येईपर्यंत नरम पडतात. आच वाढवली तर कडा करपतात आणि मधला भाग तसाच मऊ राहतो. काप पातळ असतात, तेलही चांगले तापलेले असते. मग नेमके कोठे चुकते?

उत्तर : आपले काप पुरेसे वाळण्यापूर्वीच रंगतात, हे या अडचणीचे मूळ आहे. बटाट्याच्या वजनात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि नीट तळलेल्या कापात ते दोन टक्क्यांच्या आसपास उरते. कुरकुरीतपणा येतो तो हे पाणी गेल्यामुळे. तेल हे पाणी बाहेर काढण्याचे साधन आहे. काप गरम तेलात पडला की ६० ते ७० अंश सेल्सियसच्या दरम्यान त्यातील पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, पाणी शोषून फुगतो. पुढे त्यातील पाणी वाफ होऊन निघून गेले की तोच स्टार्च काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. जोवर कापाच्या आत पाणी आहे, तोवर आतील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जाऊ शकत नाही. कडा मात्र लवकर कोरड्या होतात आणि त्यांचे तापमान झपाट्याने चढते. म्हणून आच वाढवल्यावर मधले पाणी निघण्याआधी कडा करपतात, आणि रंग पाहून आपण काप बाहेर काढता तेव्हा मध्यात ओल शिल्लक असते. तीच ओल थंड होताना सगळ्या कापात पसरते आणि काप नरम पडतो.

यासाठी पहिली गोष्ट म्हणजे सर्व काप सारख्या जाडीचे हवेत. साधारण दीड मिलिमीटर जाडी बटाट्याला योग्य ठरते, आणि सुरीपेक्षा काप पाडण्याच्या किसणीने ती सहज साधते; किसणी वापरताना बोटांना आडोसा देणारी मूठ अवश्य लावावी. दुसरी गोष्ट तेलाच्या तापमानाची. १६० ते १७० अंश एवढे तेल पुरेसे आहे, मात्र ते तेवढेच टिकले पाहिजे. एकदम मूठभर काप सोडले की तेल एकाएकी थंड होते, म्हणून घाणा लहान घ्यावा. तेलाच्या पृष्ठभागावर काप मोकळेपणाने फिरतील इतकेच ते असावेत. तेलात बुडवता येणारा तापमापक घरी असेल तर तो वापरावा, कारण आच तीच असली तरी तेलाचे प्रमाण, कढईची जाडी आणि घाण्याचा आकार यांमुळे तापमान पुष्कळ बदलते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काप झाला की नाही हे ठरवताना रंगाआधी बुडबुड्यांकडे लक्ष द्यावे. काप तेलात पडताच जोराने उसळणारे बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफच असते. पाणी कमी होत जाते तसतसे ते विरळ आणि लहान होतात, तेलाचा आवाजही खाली येतो. बुडबुडे जवळजवळ थांबले की पाणी संपले असे समजावे आणि काप लगेच काढावेत, कारण त्यानंतर काही क्षणांतच रंग गडद होऊ लागतो. बाहेर काढल्यावर ते एकावर एक न रचता जाळीवर सुटे पसरावेत. ढीग केला तर खालच्या कापांची वाफ वरच्या कापांत जिरते आणि तळताना घेतलेले कष्ट वाया जातात.

प्रश्न : काप तळण्यापूर्वी कोणी पाण्यात भिजवायला सांगते, कोणी उकळून घ्यायला, तर कोणी त्या पाण्यात व्हिनेगर घालायला सांगते. यांतले खरोखर आवश्यक काय? आणि त्याच पद्धतीने तळलेले बटाटे एकदा फिकट सोनेरी होतात, तर दुसऱ्या वेळी तपकिरी होऊन कडवट लागतात, असे का होते?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचा संबंध बटाट्यातील साखरेशी आहे, म्हणून दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. बटाट्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या साखरा थोड्या प्रमाणात असतात. तळताना त्यांचा अमिनो आम्लांशी संयोग होतो आणि त्यातून तपकिरी रंग व भाजका स्वाद येतो. साखर जितकी अधिक, तितका रंग लवकर आणि गडद. बटाटे फार थंड जागी दीर्घकाळ ठेवले की त्यांतील स्टार्चचे रूपांतर साखरेत होऊ लागते. फ्रिजमध्ये पडून असलेले बटाटे भाजीला चालतात. तळलेल्या कापांसाठी मात्र थंड, अंधाऱ्या, हवेशीर जागेत फ्रिजबाहेर ठेवलेले बटाटे घ्यावेत. हिरवट झालेले बटाटे कापांसाठी अजिबात घेऊ नयेत, कारण त्या भागात सोलानीनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असू शकतात आणि तळण्याच्या उष्णतेने ती फारशी कमी होत नाहीत.

गडद रंग टाळण्याला चवीखेरीज आणखी एक कारण आहे. २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी जाहीर केले की स्टार्चयुक्त पदार्थ उच्च तापमानाला तळले किंवा भाजले असता त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. बटाट्यातील अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आणि वर सांगितलेल्या साखरा यांच्यापासून, साधारण १२० अंशांच्या वर आणि ओल कमी असताना, ते बनते. कर्करोगावरील संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची गणना माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत केलेली आहे. याचा अर्थ काप खाणे सोडावे असा मी घेत नाही. मात्र सोनेरी रंगावर थांबावे आणि तपकिरी झालेले काप बाजूला काढावेत, एवढी शिस्त घरी सहज पाळता येते.

आता भिजवण्याविषयी. काप पाडताना पेशी चिरल्या जातात आणि मोकळा झालेला स्टार्च कापाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतो. तो धुतला नाही तर काप एकमेकांना चिकटतात आणि हा भुगा तेलात जळतो. त्यामुळे पाणी नितळ दिसेपर्यंत काप धुणे आवश्यकच आहे. १५ ते ३० मिनिटे पाण्यात ठेवले तर पृष्ठभागाजवळील साखरही काही प्रमाणात निघते, आणि अ‍ॅक्रिलामाइड कमी करण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही नेमका हाच उपाय सुचवला आहे. उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढले तर साखर आणखी कमी होते, परंतु पातळ काप त्यात मोडण्याचा धोका असतो. व्हिनेगर उपयोगी पडते ते येथे. भाजीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन सौम्य आम्लात लवकर विरघळत नाही, त्यामुळे एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे व्हिनेगर घातले की उकळूनही काप अखंड राहतात. शिवाय आम्लामुळे तळताना रंगही सावकाश चढतो. बटाटे जुने किंवा गोडसर असतील तर हा खटाटोप जरूर करावा. बटाटे चांगले असतील तर धुणे आणि भिजवणे पुरते.

यांतील कोणताही मार्ग घेतला तरी तळण्यापूर्वी काप स्वच्छ सुती कापडावर पसरून वरून टिपून पूर्ण कोरडे करणे चुकवू नये. ओले काप तेलाचे तापमान खाली आणतात, आणि तेल अंगावर उडते ते वेगळेच.

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ११ वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्यामुळे बुडतो, चिकट आणि पाणीदार बटाटा तरंगतो. कापांसाठी बुडणारा बटाटा निवडावा, कारण त्यात घन भाग अधिक असल्यामुळे काढून टाकायचे पाणी कमी असते.

प्रश्न : बीट आणि गाजराचे काप बटाट्याप्रमाणेच केले, पण ते कुरकुरीत होण्यापूर्वीच काळे व कडू झाले. रताळ्याचेही थोडेफार तसेच झाले. या भाज्या कापांना योग्य नाहीत का?

उत्तर : योग्य आहेत, परंतु त्यांना बटाट्याचे तापमान सोसत नाही. कच्च्या १०० ग्रॅम बटाट्यात साखर साधारण एक ग्रॅमच्या आत असते. तेवढ्याच गाजरात ती पाच ग्रॅमच्या जवळ आणि बिटात सात ग्रॅमच्या जवळ जाते. गाजर आणि बीट यांत स्टार्चही नाममात्र असतो. म्हणजे करपणारा घटक जास्त आणि कडक होणारा घटक कमी, अशी त्यांची घडण आहे. त्यामुळे तळायचे झाल्यास तेल १४० ते १५० अंशांवर ठेवून सावकाश तळावेत. हे काप फार आक्रसतात, म्हणून ते बटाट्यापेक्षा किंचित जाड पाडावेत आणि मोठ्या घेराचा कंद निवडावा. काप पाडून त्यांवर थोडे मीठ भुरभुरावे, पंधरा मिनिटे थांबावे, सुटलेले पाणी टिपून घ्यावे आणि मगच ते तळावेत. तेवढ्याने तळण्याचा वेळ बराच वाचतो. असे केल्यास नंतर वरून मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

रताळ्यात स्टार्च आणि साखर दोन्ही भरपूर असतात. त्याला बटाट्याप्रमाणे धुऊन, भिजवून, बिटाच्या तापमानाला तळावे. बटाट्यासह चारही एकाच दिवशी करायचे असतील तर एक सूचना : आधी बटाटे, मग रताळी, त्यानंतर गाजर आणि शेवटी बीट असा क्रम ठेवावा. गाजराचा केशरी रंग तेलात विरघळतो, आणि बिटाचे साखरयुक्त कण तळाशी राहून जळतात. ते आधी तळले तर पुढच्या प्रत्येक घाण्याला त्याचा वास व रंग लागतो.

प्रश्न : पालक आणि केल (कोबीच्या कुळातील एक पालेभाजी) यांची पाने कुरकुरीत करण्याची पद्धत कोणती?

उत्तर : पानांना ओव्हन सर्वांत उत्तम. पाने धुऊन अगदी कोरडी करावीत, जाड देठ व शिरा काढून टाकाव्यात, दोन्ही बाजूंना तेलाचा हात फिरवावा आणि एकही पान दुसऱ्यावर येणार नाही अशी मांडून १३० ते १५० अंशांवर दहा ते पंधरा मिनिटे ठेवावीत. शेवटची दोन-तीन मिनिटे तेथून हलू नये. पान वाळते आणि करपते यांमध्ये फार थोडा अवधी असतो. मीठ अगदी चिमूटभर पुरते, कारण पाने आटून फार थोडी उरतात आणि आधी बेताचे वाटलेले मीठ नंतर खारट लागते.

प्रश्न : तेल कमी लागावे म्हणून ओव्हनमध्ये आणि एअर फ्रायरमध्ये काप करून पाहिले. काही काप करपले, तर बाकीचे चिवट राहिले. तळलेल्यासारखा कुरकुरीतपणा यांत मिळतच नाही का?

उत्तर : कुरकुरीतपणा मिळतो, तळलेल्या कापाचा हलकेपणा मात्र मिळत नाही, हे आधीच मान्य करून सुरुवात केलेली बरी. तेल कापाला सर्व बाजूंनी वेढते आणि उष्णता वेगाने आत पोहोचवते. त्यामुळे वाफ जोराने सुटते आणि कापात बारीक पोकळ्या तयार होतात. हवा हेच काम पुष्कळ सावकाश करते. काप हळूहळू वाळतो, आक्रसतो आणि अधिक घट्ट होतो. ही मर्यादा लक्षात घेतली की ओव्हनकडून काय अपेक्षा करावी ते ठरवता येते. माझे मत असे की बीट, गाजर आणि पाने ओव्हनमध्ये तळण्यापेक्षाही चांगली होतात, आणि बटाटा मात्र तळलेलाच खरा.

करपणे आणि चिवट राहणे एकाच ताटात घडते, याची कारणे बहुधा दोन असतात : जाडीतील फरक आणि दाटी. काप एका थरात, एकमेकांना न टेकता मांडावेत, शक्य असल्यास पत्र्याऐवजी जाळीवर, म्हणजे खालूनही वाफ निघते. १२० ते १३० अंशांच्या आसपास तापमान ठेवून पाऊण तास ते दीड तास एवढा वेळ द्यावा. भाजी आणि जाडी यांनुसार तो बदलतो. मधूनमधून ओव्हनचे दार क्षणभर उघडावे. आत साठलेली दमट हवा बाहेर गेली नाही तर काप वाळणार कोठून? जे काप आधी होतील ते आधी काढावेत, सगळे एकदम होण्याची वाट पाहू नये. गरम असताना काप थोडा लवचिक लागतो, म्हणून एक काप बाहेर काढून पूर्ण थंड करावा आणि तो मोडून पाहावा; कट्‌ आवाज करून मोडला तर बाकीचे झाले असे समजावे.

एअर फ्रायर म्हणजे जोराचा पंखा असलेला लहान ओव्हनच आहे. वारा वाहता असल्यामुळे त्यात ओल लवकर निघते, परंतु भांडे लहान असल्यामुळे दाटी करण्याचा मोह होतो. थोडे थोडे काप घालावेत आणि दर चार-पाच मिनिटांनी भांडे हलवावे. पातळ काप व पाने वाऱ्याने उडून वरच्या तापत्या तारेला चिकटतात, म्हणून त्यांवर छोटी जाळी ठेवावी. मायक्रोवेव्हमध्येही टीपकागदावर पसरलेले बटाट्याचे काप तेलाशिवाय कुरकुरीत होतात. तेथे शेवटच्या टप्प्यावर पंधरा-वीस सेकंदांचे लहान टप्पे घ्यावेत, कारण पाणी संपताच काप एकाएकी मध्यातून जळतो.

प्रश्न : काकडी, टोमॅटो किंवा झुकिनीचे काप असे करता येतील का? आणि पिठात बुडवून तळलेल्या भाज्यांचे आवरण दहा मिनिटांत मऊ का पडते?

उत्तर : या भाज्यांत ९४-९५ टक्के पाणी असते. ते काढल्यावर कडक होण्याजोगे फारसे काही उरतच नाही, म्हणून त्यांचे नुसते काप करण्याच्या भरीस पडू नये. काकडी तर कच्चीच बरी. झुकिनीला पिठाचे आवरण द्यावे, म्हणजे कुरकुरीतपणाचे काम आवरण करते आणि आतली भाजी रसाळ राहते.

आवरण मऊ पडते ते आतील वाफेमुळे. त्याला उपाय म्हणजे आवरण पातळ आणि लवकर वाळणारे असावे. गव्हाच्या पिठात पाणी घालून घोटले की ग्लुटेनचे, म्हणजे पिठातील चिकट प्रथिनांचे, जाळे तयार होते आणि आवरण चामट होते. म्हणून निम्मे तांदळाचे पीठ किंवा मक्याचा स्टार्च घ्यावा, पाणी बर्फासारखे थंड वापरावे, आणि गुठळ्या राहिल्या तरी चालतील इतकेच मिश्रण हलवावे. भाजी आधी कोरडी करून सुक्या पिठात घोळवली की ओले आवरण घट्ट बसते. दोनदा तळण्याची पद्धतही फार उपयोगी आहे : प्रथम १६० अंशांवर फिकट रंगावर तळून काढावे, काही मिनिटे जाळीवर ठेवावे, आणि मग १८५ ते १९० अंशांवर मिनिटभर पुन्हा तळावे. मधल्या वेळात आतली ओल आवरणात येते आणि दुसऱ्या तळणीत ती निघून जाते.

प्रश्न : मीठ-मसाला नेमका केव्हा घालावा?

उत्तर : काप तेलातून काढल्यावर लगेच, त्यांवर तेलाची चकाकी असतानाच. मीठ बारीक वाटलेले असावे, नाहीतर ते खाली गळते. लिंबाचा रस घालू नये, ओल पुन्हा येते. आंबटपणा हवा असेल तर सायट्रिक आम्लाची अगदी थोडी पूड मिठात मिसळावी.

प्रश्न : बंद डब्यात ठेवूनही काप दोन दिवसांत सादळतात आणि आठवड्यात त्यांना खवट वास येतो. ते टिकवायचे कसे?

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. सादळणे हवेतील ओलाव्यामुळे होते. काप कोमट असताना डबा लावला तर आतल्या आतच वाफ धरते, म्हणून ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे, मात्र तासन्‌तास उघडेही ठेवू नयेत. डबा वारंवार उघडावा लागत असेल तर एका मोठ्या डब्याऐवजी लहान डबे भरावेत. सादळलेले काप टाकून देण्याची गरज नाही. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच ते आठ मिनिटे ठेवून जाळीवर थंड केले की ते पूर्ववत होतात.

खवट वास हे तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्याचे लक्षण आहे. प्रकाश आणि उष्णता यांनी तो वेग घेतो. कारखान्यातील पाकिटांत नायट्रोजन भरतात तो यासाठीच. घरी तसे करता येत नाही, म्हणून काच पारदर्शक असेल तर बरणी अंधारात ठेवावी, ताजे तेल वापरावे आणि आठवडाभरात संपतील इतकेच काप करावेत. खवट झालेले काप पुन्हा गरम करून सुधारत नाहीत. ते टाकून द्यावेत.

प्रश्न : माझी मुलगी भाज्यांना हात लावत नाही, मात्र हे काप आवडीने खाते. भाजीऐवजी काप दिले तर चालेल का? आणि तळताना तेल कमी कसे शोषले जाईल?

उत्तर : भाजीऐवजी नाही, असेच मी सांगेन. १०० ग्रॅम तळलेले काप होण्यासाठी ३०० ते ३५० ग्रॅम बटाटे लागतात आणि त्या कापांच्या वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा तेल असू शकते. कच्च्या बटाट्यात १०० ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी असतात, कापांत त्या ५०० च्या वर जातात. तंतू आणि काही खनिजे टिकतात, क जीवनसत्त्व मात्र धुण्यात आणि उष्णतेत पुष्कळसे जाते. ओव्हनमधील पाने आणि बीट या बाबतीत बरेच उजवे आहेत. बिटाचे काप आवडल्यावर त्याच बिटाच्या भाजलेल्या फोडी ताटात ठेवून पाहाव्यात. चव ओळखीची झालेली असते, आणि कापांचा खरा उपयोग मला तेथे दिसतो.

तेलाविषयी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. कापात शिरणाऱ्या तेलाचा मोठा भाग तळताना शिरत नसून बाहेर काढल्यावर शिरतो. तळताना बाहेर येणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. काप थंड होऊ लागला की आतली वाफ निवते, पोकळी निर्माण होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून काढल्या काढल्या झारा कढईवरच दोन-तीनदा झटकावा आणि काप गरम असतानाच टीपकागदाने वरून हलके टिपून मग जाळीवर पसरावेत.

प्रश्न : तळून उरलेले तेल पुन्हा वापरावे का?

उत्तर : एकदोनदा वापरण्यास हरकत नाही, जर ते काळपट झालेले नसेल, त्यावर फेस धरत नसेल आणि नेहमीपेक्षा कमी तापमानाला त्यातून धूर येत नसेल. यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी ते टाकावे. वापरायचे तेल पूर्ण थंड झाल्यावर बारीक कापडातून गाळावे, कारण तळाचे जळके कण तसेच राहिले की पुढचे काप डागाळतात. मग ते झाकून अंधारात ठेवावे. कढई निम्म्याहून अधिक भरू नये. तेलाने पेट घेतलाच तर पाणी कदापि टाकू नये, कारण पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटते तेल चहूकडे उडते. आच बंद करावी, कढईवर धातूचे झाकण सरकवावे आणि ती थंड होईपर्यंत जागची हलवू नये.